दसऱ्याला फीत कापायची आहे आणि भिंती अजून ओल्या आहेत

वाचकाचं पत्र:

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत प्रशासन अधिकारी आहे. गावभागातलं आमचं मुख्य कार्यालय विश्रामबागेतल्या नव्या तीन मजली इमारतीत जातंय. उद्घाटन दसऱ्याला, पत्रिका छापायला गेल्या. मागच्या आठवड्यात चेअरमनसाहेब पुण्यात एका बँकेत जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, आपल्याकडेही तसे डिजिटल बोर्ड हवेत. एकूण १४ ठिकाणं निघाली: काउंटरवर तीन, बसायच्या जागेत दोन, रस्त्याकडच्या काचेत दोन, मजल्यांवर विभागांच्या नावांचे तीन, शिवाय प्रवेशद्वार, टोकन, स्टाफरूम आणि मीटिंग हॉलला एकेक. तीन कोटेशनं आली आहेत. पुण्याची कंपनी १३ लाख ६० हजार सांगते आणि चार आठवड्यांत देतो म्हणते. आमचे सीसीटीव्ही बघणारा सांगलीतला पुरवठादार ९ लाख २० हजार म्हणतो. तिसऱ्याचं म्हणणं, घरगुती स्मार्ट टीव्ही लावा, पेनड्राइव्ह घाला, साडेचार लाखांत काम. संचालकांचा कल तिसऱ्याकडे. उद्या गणपती बसतील, म्हणजे हातात पाच आठवडे. त्या दिवशी एखादी स्क्रीन काळी राहिली तर सगळे माझ्याकडे बघतील. रात्री झोप लागत नाही. काम कुणाला द्यावं?

उत्तर:

ताई, आधी दिवस मोजू. तुम्ही पाच आठवडे म्हणता, पण ते पाच नाहीत.

चतुर्थीपासून दसऱ्यापर्यंत ३६ दिवस धरा. त्यातले पहिले दहा-अकरा गणपतीचे. सांगली-मिरजेत या दिवसांत वायरमन, सुतार, फॅब्रिकेटर सगळे संध्याकाळी मंडळात असतात, आणि दिवसा आले तरी अर्धं लक्ष तिकडेच. अनंत चतुर्दशीची मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दोन दिवसांत टेम्पो मिळत नाही आणि माणूसही मिळत नाही. त्याला लागून पितृपक्ष. तुमच्या संचालक मंडळात कुणीतरी वडीलधारे नक्की म्हणणार की पंधरवड्यात नवी वस्तू वास्तूत आणायची नाही. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालू नका, पण हा प्रश्न आजच विचारून घ्या. पितृपक्ष लागल्यावर विचारलात तर सर्वपित्री अमावस्येपर्यंत माल टेम्पोतच राहील. मी अशी वाट निघालेली पाहिली आहे: ऑर्डर आणि ॲडव्हान्स पितृपक्षाआधी द्यायचा, पंधरवड्यात फक्त आधीच सुरू असलेलं वायरिंग आणि सुतारकाम करायचं, आणि स्क्रीन घटस्थापनेपासून पाचव्या माळेपर्यंत टांगायच्या. म्हणजे स्क्रीन बसवायला पाच दिवस, आणि चाचणीला उरलेले चार.

हे गणित मांडलं की कुणाला काम द्यायचं हा प्रश्न बदलतो. स्वस्त कोण, मोठा कोण, हे मागे पडतं. पाच दिवसांत सगळ्या भिंतींवरचं काम उरकायचं तर भिंत आधी तयार हवी, आणि भिंत तयार कशी करायची हे तुम्हाला पहिल्या तीन दिवसांत सांगणारा माणूस तुमचा पुरवठादार. माझ्या अनुभवात अशा कामाची मुदत माल उशिरा आला म्हणून क्वचितच चुकली. बहुतेक वेळा ती चुकली आपण पॉइंट कुठे हे ठरवलं नव्हतं म्हणून, किंवा स्क्रीनवर काय दाखवायचं हे कुणी लिहून दिलं नव्हतं म्हणून.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे: तिघांपैकी इमारत बघून कोण गेलं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. कदाचित कुणीच गेलं नसेल. मग ही तिन्ही कोटेशनं अंदाजाची आहेत. आजच तिघांना फोन करा आणि सांगा की परवा सकाळी अकरा वाजता जागेवर या, नुसतं मोजमाप घ्यायला. जो येईल त्याच्या मागे वही घेऊन फिरा आणि तो काय विचारतो ते लिहून ठेवा. चांगला माणूस विचारेल: ही भिंत विटांची की जिप्समची? मागे सॉकेट आहे का, किती उंचीवर? नेटवर्कची केबल इथपर्यंत आली आहे का, तिचं स्विच (सगळ्या केबल जोडायचा डबा) कुठे? या खिडकीतून ऊन किती वाजता येतं? रंगाचा शेवटचा हात कधी? लाइट गेली तर इथे इन्व्हर्टर आहे की जनरेटर? हे काहीही न विचारता "मॅडम, काळजीच करू नका" म्हणणारा माणूस माझ्या यादीतून तिथेच गळतो, मग तो पुण्याचा असो की सांगलीचा.

जिप्सम पार्टिशनचं सांगतो, कारण नव्या ऑफिसांत निम्म्या भिंती त्याच असतात. ५५ इंची डिस्प्ले ब्रॅकेटसकट वीस किलोच्या आसपास जातो. नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू मारून तो टिकत नाही. बोर्डाच्या मागे १८-१९ मिलिमीटरचा प्लायवूड आधी घालावा लागतो, आणि तो पार्टिशन बंद व्हायच्या आत. म्हणजे सुताराला या आठवड्यात सांगितलं तर दोन तासांचं काम, आणि पुढच्या महिन्यात सांगितलं तर भिंत फोडून परत रंग. तसंच पॉइंटचं. प्रत्येक जागी स्क्रीनच्या मागेच झाकले जातील असे दोन सॉकेट आणि एक नेटवर्क पॉइंट हवा. वायफायवर चालेल असं कुणी म्हणालं तरी केबल टाकून घ्या. नेटवर्कची कॅट सिक्स केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते. एचडीएमआय केबल मात्र दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, त्यामुळे "एकच बॉक्स खाली ठेवतो आणि वर तीन मजले एचडीएमआय ओढतो" हे मान्य करू नका.

पीओपी घासण्याचं काम पूर्ण संपल्याशिवाय एकही स्क्रीन खोक्याबाहेर काढू देऊ नका. ती पांढरी धूळ मागच्या जाळीतून आत जाते.

आता तिसऱ्या कोटेशनबद्दल. घरचा टीव्ही वाईट नसतो, तो घरासाठी बनवलेला असतो. दिवसाचे पाच-सहा तास, समोर माणूस, हातात रिमोट. तुमच्या काउंटरवर तो सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, सुट्ट्या सोडून रोज, कुणीही रिमोट न उचलता चालायला हवा. व्यावसायिक डिस्प्लेवर कंपनी स्वतः लिहिते की तो दिवसाला १६ तास किंवा पूर्ण २४ तास चालण्यासाठी आहे. घरगुती टीव्हीच्या वॉरंटी कार्डावर बहुधा बारीक अक्षरांत असतं की दुकानात, कार्यालयात वापरल्यास वॉरंटी नाही. ते कार्ड मागवून संचालकांपुढे ठेवा, शब्दांपेक्षा कागद पटतो. उजेडाचाही फरक आहे. घरचा टीव्ही साधारण २५०-३०० निट्सचा (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप), व्यावसायिक ३५० ते ५००. ट्यूबलाइट आणि मोठ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये तो फरक डोळ्यांना जाणवतो.

पण आपल्याकडे खरी अडचण लाइट गेल्यावरची आहे. घरचा टीव्ही वीज परत आल्यावर एक तर स्टँडबायला राहतो, नाही तर सिनेमांची चित्रं असलेल्या होम स्क्रीनवर जाऊन थांबतो. पेनड्राइव्हवरचं आपोआप परत सुरू होईल याची खात्री नाही. दुपारी दोनदा लाइट गेली तर तुमचा शिपाई शिडी आणि रिमोट घेऊन हॉलभर फिरेल, आणि ठेवीदार बघत बसतील. दर बदलले की तोच शिपाई सगळे पेनड्राइव्ह काढून आणणार, आणि एखादा राहून जाणार. पतसंस्थेच्या काउंटरवर ठेवीचा जुना व्याजदर झळकत राहणं ही किरकोळ चूक नाही. सभासद त्या आकड्यावर बोट ठेवून हक्काने तेवढंच व्याज मागेल.

एका जागी मात्र घरचा टीव्ही बेलाशक घ्या: मीटिंग हॉल. तिथे आठवड्यातून दोन बैठका होतात आणि लॅपटॉप जोडणारा माणूस समोर असतो. तिथे जास्त पैसे घालू नका. हे संचालकांनाही सांगा, म्हणजे तुम्ही महागाच्या बाजूने आहात असं त्यांना वाटणार नाही.

आणि आता १४ या आकड्याकडे या. मजल्यांवरच्या विभागांच्या नावांना स्क्रीन कशाला? "लेखा विभाग" हे नाव पुढची दहा वर्षं बदलणार नाही. तिथे ॲक्रिलिकची चांगली पाटी करा, मराठी अक्षर सुबक काढणारा पेंटर सांगलीत अजून आहे. तीन गेले. रस्त्याकडच्या काचेत दुपारचं ऊन येत असेल तर तिथे साधा डिस्प्ले काळ्या आरशासारखा दिसतो. उन्हात वाचता येणारा डिस्प्ले २,५०० निट्सच्या आसपासचा लागतो आणि त्या एकाची किंमत आतल्या काही स्क्रीनच्या एकत्र किमतीएवढी असते. दोन गेले, निदान यंदा. टोकनचं काम टोकन यंत्रणा विकणाऱ्याचं आहे, तिच्यासोबत तिचा नंबरचा बोर्ड येतो. जाहिरात आणि टोकन एकाच स्क्रीनवर दाखवता येतं, पण दोन वेगळ्या सॉफ्टवेअरचं लग्न पाच आठवड्यांत लावू नका. एक गेला. मीटिंग हॉलला टीव्ही. उरले सात. त्यातले दसऱ्याला पाच करा: प्रवेशद्वार, काउंटरचे तीन, बसायच्या जागेतला एक. बसायच्या जागेतला दुसरा आणि स्टाफरूमचा दिवाळीच्या पाडव्याला.

चेअरमनसाहेबांना हे कमीपणाचं वाटू शकतं. त्यांना त्यांच्याच डोळ्यांसमोर आणून द्या: पाहुणे दारातून आत येतात, पहिली स्क्रीन दिसते, पुढे काउंटरवर तीन स्क्रीन ओळीत, सगळ्यांवर एकसारखं स्वच्छ मराठी. वरच्या मजल्यावर त्या दिवशी कोण जाणार आहे? पाच चालू स्क्रीन ही शोभा आहे. चौदांतली एक बंद असली तर बोलणं त्या एकीचंच होतं.

मराठी म्हटलं म्हणून या मुद्द्यावर थांबतो, कारण इथे मी स्वतः पोळलो आहे. आमच्या कार्यालयात बाहेरगावच्या एका पुरवठादाराने स्क्रीन लावल्या, डेमो इंग्रजीत झकास झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही "कर्मचाऱ्यांसाठी सूचना" टाइप केलं. "ऱ्या"मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आलाच नाही, त्याच्या जागी य वर रफार चढला. "विनंती"ची पहिली वेलांटी व सोडून न वर जाऊन बसली. जोडाक्षरं पाय मोडून उभी. पुरवठादार म्हणाला, हिंदी तर चालतं, मराठीत काय वेगळं? वेगळं आहे. मराठीचा ल आणि श यांची वळणं वेगळी, "ऱ्य" आणि "ऱ्ह" हिंदीला लागतच नाहीत. म्हणून प्रत्येक पुरवठादाराला एक ओळ लिहून द्या आणि त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, त्याच्याच प्लेअरवर (स्क्रीनला मजकूर पुरवणाऱ्या छोट्या बॉक्सवर) चालवून दाखवायला सांगा: "श्री. व सौ. ठेवीदार, शेतकऱ्यांसाठी द्वैमासिक योजना, व्याजदर ८.५० टक्के, कृपया ज्येष्ठांना प्राधान्य द्या." यात जे मोडायचं ते सगळं मोडतं. लॅपटॉपवर बरोबर दिसलं तर समाधान मानू नका, भिंतीवरच्या प्लेअरवर बघा.

काही जण म्हणतील, आपण डीटीपीवाल्याकडून कोरलमध्ये चित्र करून घेऊ, मग फॉन्टचा प्रश्नच नाही. पत्रिकेसारख्या एकदाच लागणाऱ्या गोष्टीला ते ठीक. पण व्याजदराचा एक आकडा बदलायलाही मग तुम्हाला डीटीपीवाल्याचं दुकान उघडायची वाट बघावी लागेल. शिवाय श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर नुसती चिन्हं दिसतात. दरपत्रक युनिकोडमध्येच करा. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा "मुक्ता" हा फॉन्ट मोफत आहे आणि लांबून छान वाचता येतो. नोटो सान्स देवनागरीही चालेल. अक्षर केवढं? दहा फुटांवरून आरामात वाचायला साधारण एक इंच उंचीचं लागतं, आणि आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते. तुमचे निम्मे ठेवीदार साठीच्या पुढचे असणार. त्यांना एका वेळी चार ओळींपेक्षा जास्त देऊ नका.

मजकूर कोण देणार, हेही या आठवड्यात एका माणसाच्या नावावर लिहून टाका. समिती करू नका. घटस्थापनेला मजकूर बंद, त्यानंतर चेअरमनसाहेबांनी फोटो बदला म्हटलं तरी दसऱ्यानंतर.

दुसरी गोष्ट लायसन्सची. स्क्रीनवर काय दिसावं हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं भाडं बहुतेक वेळा दर स्क्रीनमागे, महिन्याला किंवा वर्षाला असतं. कोटेशनमध्ये पहिलं वर्ष धरलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षाचा उल्लेख नसतो. तीन वर्षांचा आकडा लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलं आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं प्रशासन मी बघत होतो तेव्हा आमचं खातं पुरवठादाराच्या ईमेलवर होतं. दोन वर्षांनी त्याने धंदा बंद केला. एका शुक्रवारी संध्याकाळी सहाही स्क्रीनवर लायसन्स संपल्याची पाटी आली, पासवर्ड त्याच्याकडे, फोन बंद. कँटीनमध्ये तीनशे माणसांनी दोन आठवडे ती पाटी बघितली आणि सॉफ्टवेअर आम्हाला नव्याने घ्यावं लागलं. तुमच्या संस्थेच्या अधिकृत ईमेलवर खातं उघडायचं, मुख्य पासवर्ड तुमच्याकडे आणि मॅनेजरकडे, पुरवठादाराला फक्त काम करण्यापुरता प्रवेश. हे ऑर्डरमध्ये लिहा.

पतसंस्था आहे म्हणून आणखी एक. स्क्रीनचे प्लेअर तुमच्या व्यवहारांच्या नेटवर्कला जोडू देऊ नका. ज्या स्विचवर काउंटरचे कॉम्प्युटर आहेत तिथेच "एक पोर्ट रिकामं आहे" म्हणून कुणी स्क्रीनची केबल खुपसली तर बाहेरून येणाऱ्या माणसाला तुम्ही खजिन्याच्या खोलीचं मागचं दार दाखवलं. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला वेगळं नेटवर्क करायला सांगा. जाणकाराला ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता पैसे. तिन्ही कोटेशनं करासकट एका कागदावर मांडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि मॉनिटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे; कुणी जुन्या साच्यात २८ लावले असतील तर ते आधी दुरुस्त करून घ्या. व्याजाच्या उत्पन्नावर जीएसटी नसल्याने पतसंस्थेला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) फारसं मिळत नाही, म्हणजे भरलेला कर बहुतांशी तुमचा खर्चच. आकडा नक्की करायला तुमच्या सीएंना विचारा. प्रत्येक ओळीत मॉडेल नंबर मागा, नुसतं "४३ इंची कमर्शियल" चालणार नाही. तो नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर रोजचे तास आणि निट्स स्वतः बघा. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचं चिन्ह आणि नंबर असतो, माल उतरवताना तो तपासा.

मग काम कुणाला? पुण्याची कंपनी कदाचित उत्तम असेल. पण पुणे सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि नवमीच्या संध्याकाळी एक प्लेअर बंद पडला तर पेठ नाक्यावरून तुमच्यापर्यंत कोण येणार? सांगलीत किंवा कोल्हापुरात त्यांचा माणूस असेल तर त्याचं नाव आणि नंबर ऑर्डरवर लिहून द्यायला सांगा. "आमचं नेटवर्क आहे" एवढं उत्तर पुरेसं नाही. तुमचा सीसीटीव्हीवाला जवळ आहे, इमारत त्याला माहीत आहे, वायरमन त्याचे आहेत. त्याने आजवर अशी कामं केली आहेत का, हाच प्रश्न. त्याच्याकडून दोन ग्राहकांचे नंबर घ्या. "काम कसं आहे?" असं विचारू नका, सगळे चांगलंच सांगतात. विचारा, "शेवटची स्क्रीन बंद पडली तेव्हा कोण आलं, किती तासांत?" बोलणारा क्षणभर थांबला की तुम्हाला उत्तर मिळालं.

माझा कौल सीसीटीव्हीवाल्याकडे आहे, एका अटीवर. त्याने येत्या आठ दिवसांत, गणपतीतच, तुमच्या जुन्या कार्यालयाच्या काउंटरवर एक स्क्रीन लावून दाखवावी. फुकट नको, त्या एका स्क्रीनचे पैसे द्या, तीच नंतर नव्या इमारतीत जाईल. ती चालू झाली की तुम्ही स्वतः तीन गोष्टी करा. प्लग ओढून काढा, दोन मिनिटांनी परत लावा, आणि रिमोटला हात न लावता बघत उभ्या राहा: आपली दरपत्रिका आपोआप परत आली पाहिजे. मग नेटवर्कची केबल काढा: स्क्रीनवरचं चालूच राहिलं पाहिजे, कारण मजकूर प्लेअरमध्ये साठवलेला असायला हवा. मग मी वर दिलेली मराठीची ओळ टाइप करा. तिन्हींत पास झाला तर पितृपक्षाआधी ऑर्डर त्याला. नापास झाला तर पुण्याच्या कंपनीला सात ठिकाणांचं नवं कोटेशन मागा, माल घटस्थापनेपर्यंत पोहोचवण्याच्या अटीवर. चाचणी लांबवू देऊ नका, तेच तुमचं संरक्षण आहे. स्क्रीन एकाकडून, सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून, बसवणी तिसऱ्याकडून असं मात्र या वेळी करू नका. बिघाड झाला की तिघे एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मध्ये तुम्ही.

संचालक सगळ्यात कमी रकमेचा आग्रह धरतील. त्यांची बाजूही खरी आहे. सभासदांचा पैसा आहे आणि लेखापरीक्षक विचारणार. म्हणून टिपणीत कारण स्वच्छ लिहा. मी असं लिहिलं असतं: "तिन्ही कोटेशनांतील वस्तू एकाच प्रतीच्या नसल्याने केवळ एकूण रकमेवरून तुलना करणे योग्य होणार नाही. दररोज १६ तास वापरासाठी बनविलेला डिस्प्ले, जागेवर येऊन दिली जाणारी तीन वर्षांची वॉरंटी, सॉफ्टवेअरचे तीन वर्षांचे शुल्क, बसवणी व कर धरून काढलेला तीन वर्षांचा खर्च सोबतच्या तक्त्यात दिला आहे. पहिल्या टप्प्यात ५ ठिकाणी काम करावे व ते समाधानकारक झाल्यावरच पुढील टप्पा सुरू करावा." तिसऱ्यालाही याच अटींवर नवा आकडा द्यायला सांगा. साडेचार लाखांचं काय होतं ते सगळ्यांना दिसेल.

पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नाही म्हणा. ऑर्डरबरोबर ४० टक्के, माल उतरल्यावर ३०, चाचणी पास झाल्यावर २०, आणि शेवटचे १० दसऱ्यानंतर तीस दिवसांनी, असं मी करतो. पण ते शेवटचे १० वेळेवर द्या. नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याचे पैसे अडकलेत तो रात्री फोन उचलत नाही.

एक आडवळणाचं, पण मनापासून सांगतो. पुढे तुम्ही शाखांमध्येही हे न्याल. गावभाग, खणभाग, मारुती चौक या बाजूला शाखा असेल तर प्लेअर आणि स्विच वरच्या मजल्यावर ठेवा आणि ब्रॅकेट असा घ्या की दोन माणसं दहा मिनिटांत स्क्रीन उतरवू शकतील. हा पुराचा भाग आहे. आयर्विन पुलाखाली कृष्णेची ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा किती दुकानांतली यंत्रं भिंतीवरच बुडाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. घरून मजकूर बदलता येणारं सॉफ्टवेअर असेल तर अशा दिवशी कुठली शाखा बंद आहे, पैसे कुठून मिळतील, हे ठेवीदारांना दुसऱ्या शाखेतल्या स्क्रीनवर लगेच सांगता येतं.

दसऱ्याच्या आदल्या रात्री तुमच्या टेबलाच्या खणात हे ठेवा: सगळा मजकूर भरलेला एक जादा प्लेअर, दोन मीटरची एक एचडीएमआय केबल, सगळे रिमोट नवे सेल घालून, आणि पुरवठादाराच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून. त्या माणसाला सकाळी सातला बोलवा आणि कार्यक्रम संपेपर्यंत इमारतीतच थांबायला सांगा. त्याचं पान पाहुण्यांच्या पंगतीत मांडा.